काळ्या चांदीवरच्या मुंग्या

"हात लावशील तर बोटं छाटीन तुझी!"

शेवंताकाकूंशी माझी ओळख झाली ती अशी. त्या आरोळीसरशी मी मागं उडालो तो थेट वॉशिंग मशिनवर जाऊन बसलो, आणि आमच्या रांगेतल्या तीन गाड्यांचे अलार्म एकदम बोंबलायला लागले. माझी बायको म्हणते, दोनच गाड्यांचे. पण ती तेव्हा घरी नव्हती आणि मी होतो, त्यामुळे तीन.

फ्रीमाँटमधली आमची टाउनहाउसं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की शेजाऱ्यानं जांभई दिली की आपल्याला झोप येते. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या श्रीकांतचं एक पार्सल आमच्या दारात पडलं होतं, ते द्यायला मी गेलो होतो. गॅरेजचं दार अर्धं वर होतं. वाकून आत शिरलो तर सत्तरीच्या एक बाई. उंची फ्रिजच्या मधल्या कप्प्याइतकी, सुती साडीवर नातीचा कॉलेजचा हुडी, पायात पळायचे बूट. समोर विजेची शेगडी, तिच्यावर पितळेचा जाड पत्रा, पत्र्यावर चांदीचं एक पान आणि पानावर कसलासा पिवळा ठिपका. मला वाटलं माशी. मी परोपकारी माणूस. उडवायला बोट पुढं केलं, आणि वर सांगितलं ते झालं.

"माशी बसलीय असं वाटलं, काकू," मी वॉशिंग मशिनवरूनच म्हणालो.

"चोवीस कॅरेटची माशी कवा बघितलीस रं? तुझ्या बोटाला तेल हाय. चांदीला तेल लागलं की सोनं धरत न्हाई."

"आत्ताच साबणानं हात धुतलेत."

"साबणातबी तेलच असतंय. बस तितंच. आन् बोलू नगंस, तोंडातनं वारा येतो."

मी गप्प बसलो. ही घटना माझ्या घरच्यांनी अजून खरी मानलेली नाही.

काकूंनी ऊब बघायला नूडल्स खायची एक लाकडी काडी पत्र्याला टेकवली. काडीच्या टोकातून धुराचा बारीक धागा निघाला. तशी त्यांनी डाव्या हातातल्या चिमट्यानं पान दाबून धरलं, उजव्या हातात अकीकाच्या टोकाची ओपणी घेतली आणि तो पिवळा ठिपका घासायला सुरुवात केली. घासायला म्हणजे कसं, तर झोपलेल्या बाळाच्या भुवईवरून बोट फिरवावं तसं. गोंद नाही, सांधायला डाक नाही, पारा नाही. दोन मिनिटांत तो ठिपका चांदीत असा बसला की जणू खाणीतूनच तसा आला होता.

"ह्याला कुम-बू म्हणत्यात," काकू म्हणाल्या. "कोरियाची इद्या हाय. मी शिकलो." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशा त्या 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या.

काकू हुपरीच्या. हे गाव चांदीवर जगतं. पैंजण, तोडे, घुंगरं. देशभरातल्या नववधूंचे पाय तिथं वाजायला शिकतात. काकूंचे वडील तिथले नावाजलेले कारागीर. पुढच्या सोप्यात शेगडी आणि पुरुष, मागच्या पडवीत बायका. बायकांनी घुंगरं जोडायची, कड्या ओवायच्या, तयार माल रिठ्याच्या पाण्यात उजळून द्यायचा. शेगडीपाशी फिरकायचं नाही. पेटीत माल भरताना चिठ्ठीवर नाव लागायचं ते आधी वडिलांचं, मग भावाचं, लग्नानंतर नवऱ्याचं.

"माज्या हातची घुंगरं ओवली तर हुपरीपासनं इतवर दोनदा येढा पडंल," त्या म्हणायच्या. मी एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवला की तीनदा पडेल. तेव्हापासून त्या मला थापाड्या म्हणायला लागल्या. मला लोकांनी बरीच नावं ठेवली आहेत; त्यातलं हे एकच प्रेमानं ठेवलेलं.

नवरा गेल्यावर मुलानं, म्हणजे श्रीकांतनं, त्यांना इकडं आणलं. श्रीकांत भला माणूस. दिवसाचे चौदा तास मीटिंगमध्ये असतो आणि उरलेले दहा तास पुढच्या मीटिंगची काळजी करतो. "आईला जरा एंगेज ठेवायला हवं रे," असं म्हणून त्यानं प्रौढ शिक्षणाच्या वर्गांची यादी काढली. खुर्चीतला योग, बोलायचं इंग्लिश आणि दागिने बनवणं. काकूंनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, साता समुद्रापार, एका शाळेच्या तळघरात त्या आयुष्यात पहिल्यांदा शेगडीसमोर बसल्या.

तिथं शिकवायला होत्या युनबाई. कोरियन, काकूंहून पाचेक वर्षांनी मोठ्या, आणि रागानं दहा वर्षांनी. युनबाईंना इंग्लिशचे बारा शब्द यायचे, काकूंना नऊ. त्यातले सात सारखे. म्हणजे दोघींची सगळी दोस्ती चौदा शब्दांत झाली, आणि त्यातला निम्मा वेळ 'नो' या शब्दानं खाल्ला.

पहिल्याच दिवशी काकूंनी बाईंचं काम बघून जाहीर केलं, "हे टिकणार न्हाई. डाक न्हाई, काय न्हाई, नुसतं चोळून सोनं ऱ्हातंय व्हय?" भाषा कळली नाही तरी सूर कळतोच. युनबाईंनी शांतपणे ड्रॉवरमधून एक सुरी काढली, चांदीचा तुकडा आणि सुरी काकूंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "टेक ऑफ." काकूंनी पाऊण तास सुरी घासली. सोन्यावर ओरखडे आले, सोनं हललं नाही. त्या दिवशी काकू घरी येऊन जेवल्या नाहीत. सूनबाई मीनलला वाटलं, पोट बिघडलं. तिनं ओवा दिला.

"दोगांचं आपसूक जमतंय," काकू पुढं मला समजावून सांगायच्या. "चांदी सोच्छ पायजे, सोनं सोच्छ पायजे, ऊब बरोबर पायजे. मदी कुणी यायचं न्हाई. तेल न्हाई, धूळ न्हाई, वारा न्हाई." मग माझ्याकडे बघून, "आन् थापा न्हाईत."

त्या माणसं बोटांवरून ओळखायच्या. कुणी घरी आलं की आधी हात बघायच्या, मग तोंड. श्रीकांतला म्हणायच्या, "दिवसभर काच चोळतुयास, बोटं बग, वांग्याच्या भाजीगत." स्वतः कामाला बसण्याआधी हात राखेनं धुवायच्या. फ्रीमाँटमध्ये राख कुठून आणायची? तर रस्त्यापलीकडच्या एका मेक्सिकन कुटुंबाच्या मागच्या अंगणातल्या शेगडीतून. त्यांची भाषा यांना येत नव्हती, यांची त्यांना. पण दर रविवारी एक डबा राख भरून यायची आणि एक डबा थालीपीठं भरून जायची.

श्रीकांतनं एकदा हौसेनं तापमान मोजायचं यंत्र आणून दिलं. लांबून लाल ठिपका मारायचा की आकडा दिसतो. काकूंनी रसरसत्या चांदीवर ठिपका मारला तर यंत्र म्हणालं, कोमट. श्रीकांत म्हणाला, चकचकीत धातूवर ते जरा चुकतं. काकू म्हणाल्या, "चांदी त्येला तोंडावर खोटं सांगतीया आन् ह्ये ऐकून घेतंय. ह्येच्यापरास माजी काडी शाणी." यंत्र मीनलनं पुरणपोळीच्या तव्यासाठी ठेवून घेतलं.

आता लोक काय म्हणायचे ते सांगतो, कारण हसण्यासारखं तेवढंच सांगून गेलो तर काकू वर स्वर्गात बसून माझ्यावर ओरडतील. तशा त्या अजून आहेत, खालीच आहेत. पण ओरडत नाहीत.

आमच्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात काकूंनी एक टेबल लावलं. काळ्या मखमलीवर पंधरा नग. चांदी गंधकाच्या पाण्यात बुडवून काळी केलेली, कारण गंधक चांदीला काळं करतं, सोन्याला हात लावत नाही. मग त्या काळ्यावर सोनं असं उठतं की बघणाऱ्यानं पापणी मिटायला विसरावं. एकावर बोरांची फांदी, एकावर बगळा, एकावर नुसती पावसाची तिरकी रेघ. पहिल्या बाई आल्या, उचलून वजन केल्यासारखं हलवलं आणि म्हणाल्या, "काकू, हे फॉर्मिंगचं का?"

"न्हाई."

"मग एक ग्रॅमवालं?"

"न्हाई. चोवीस कॅरेटचा पत्रा हाय. चांदीवर बसवलाय."

"म्हणजे खाली चांदीच ना! मग सोन्याचं कसं म्हणायचं?"

"सोन्याचं म्हणू नगा. चांदीचंबी म्हणू नगा. दोगांचं हाय."

"अहो, पण म्हणजे खोटंच ना एका अर्थी?"

काकूंनी त्या बाईंची बोटं बघितली. "ठिवा खाली," म्हणाल्या. "चकलीचं तेल लागलंय तुमच्या हाताला." दिवसभरात एक नग हलला नाही. शेजारच्या टेबलावर फॉर्मिंगच्या ठुश्यांना रांग लागली होती, इतकी की शेवटची बाई पार्किंगमध्ये उभी होती, आणि मला खात्री आहे की त्यातल्या दोघी तर रांग दिसली म्हणून फ्रीवेवरून उतरल्या होत्या. येताना गाडीत मीनल म्हणाली, "आई, मी तुम्हाला म्हटलं होतं, आपल्या लोकांना हे आर्ट अँड क्राफ्ट नाही कळत." काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग अग्निशमन दल आलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता खरी कुठली ते मलाही नीट आठवत नाही, पण जमेल तितकं आवरून सांगतो. गंधकाच्या पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, आणि इथं गॅस गळला की ओळखू यावा म्हणून गॅसलाही तसाच वास दिलेला असतो. रांगेतल्या कुणीतरी फोन केला. चार बंब आले. बरं, दोन. पण आलेली सहा माणसं दारात मावत नव्हती एवढी दांडगी. त्यांचा कप्तान गॅरेजमध्ये शिरला, शेगडीवरचा पत्रा बघितला आणि हातमोज्यातलं बोट पुढं केलं.

"हात लावू नगंस!"

कप्तानानं दोन्ही हात वर केले. या देशात पोलीस लोकांना हात वर करायला लावतात. बंबवाल्याला हात वर करायला लावणारी हुपरीची ही पहिलीच बाई असावी. पुढचा अर्धा तास ते सहाही जण भिंतीला पाठ लावून उभे होते आणि काकू त्यांना ओपणी कशी धरायची ते मराठीतून शिकवत होत्या. एकानं बायकोसाठी कानातलं मागितलं. काकूंनी आधी त्याला हातमोजे काढून हात दाखवायला सांगितलं. पास झाला.

हे सगळं खरं. पण पुढचं मी कधी सांगत नाही, ते असं की दुसऱ्या आठवड्यात घरमालकांच्या संघटनेची नोटीस आली, श्रीकांतचा चेहरा पडला, आणि त्यानं आईला हात जोडून सांगितलं, "आई, पुरे आता. लोक हसतात आपल्याला." काकूंनी काम सोडलं नाही. गॅरेजचं दार मात्र तेव्हापासून बंद ठेवून बसायला लागल्या. जुलैमधल्या उन्हात, तापलेल्या शेगडीपुढं, बंद पत्र्याच्या दारामागं. बाहेरून जाताना आतून फक्त ओपणीचा आवाज यायचा, पानावर अळी चरावी तसा.

आणि मग ईराचं लग्न ठरलं.

ईरा ही श्रीकांत-मीनलची एकुलती एक. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमधून देते. ती आजीच्या गॅरेजमध्ये आली, मी तिथंच होतो, आणि म्हणाली, "आजी, मी लग्नात तुझंच घालणार. ओन्ली युवर्स. पाटल्या कर मला."

मीनलला कळलं तेव्हा घरात तीन दिवस भांडी जरा जोरात वाजली. "नवरी मुलगी आणि हातात चांदी? तिच्या सासरचे काय म्हणतील? माझ्या आईनं पुण्याहून सोन्याच्या पाटल्या आणल्यात त्या काय लॉकरला घालू?" ईरा म्हणाली, "मॉम, इट्स माय रिस्ट." विषय संपला.

सोनं काकूंनी कुठून आणलं ते ऐका. त्यांच्याकडं वडिलांच्या हातच्या बुगड्या होत्या. वडिलांनी लग्नात दिलेल्या, मोत्यांच्या घेरात बारीक जाळी. घरातला तो एकच दागिना वडिलांनी त्यांच्यासाठी म्हणून केलेला. त्या बुगड्या काकूंनी मुशीत टाकल्या. मी म्हणालो, "काकू, अहो वडिलांची आठवण!"

"आटवण ऱ्हाईल की. जाळी जाईल फकस्त." आणि थोड्या वेळानं, वितळत्या सोन्याकडं बघत, "त्येनी मला एकदाबी पुडं बसवलं न्हाई, थापाड्या. आता बसलेत बग माज्या शेगडीवर."

युनबाईंच्या घरी लाटायचं यंत्र होतं. तिथं दोघींनी ते सोनं लाटलं. बुगड्यांचं सोनं ते किती असणार. दोन पाटल्यांना पुरवायचं म्हणून पत्रा नेहमीपेक्षाही पातळ काढावा लागला. मिठाईवरचा वर्ख फुंकरीनं उडतो, हा शिंकेनं उडाला असता. त्या काळात काकूंनी मला गॅरेजमध्ये श्वास घ्यायचीही बंदी केली होती.

आणि नक्षी? मुंग्या. ईरा चार वर्षांची असताना काकू सहा महिने येऊन राहिल्या होत्या, तेव्हा ती पोर दिवसभर अंगणात पालथी पडून मुंग्यांची रांग बघायची. मीनल फवारा घेऊन यायची, काकू साखर घेऊन. म्हणून पाटल्यांवर मुंग्या. एका पाटलीवर चोवीस जाणाऱ्या, दुसऱ्यावर चोवीस येणाऱ्या. प्रत्येकीला सहा पाय, दोन मिशा. सगळं दोन पातळ कागदांच्या मधे पत्रा धरून भरतकामाच्या कात्रीनं कापलेलं. पाय केसाएवढा जाड. माझा केस नव्हे, तो असता तर सांगितलं असतं. चांदीच्या सपाट पट्ट्या तापवायच्या, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवायच्या, पुन्हा तापवायच्या, असं सात वेळा, म्हणजे तांब्याची मिसळ मागं हटते आणि शुद्ध चांदी वर येते. मग एक मुंगी चिमट्यानं उचलून ठेवायची. मग काडी. मग ओपणी. आठ महिने चाललं. शेवटी पट्ट्या वळवून पाटल्या केल्या आणि गंधकात काळ्या केल्या.

युनबाई बघायला आल्या. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पहिल्या मुंगीपासून शेवटच्या मुंगीपर्यंत बघितलं. मी तुम्हाला सांगतो, त्या बाई वर्गात सगळ्यांचं काम एका हातानं परत द्यायच्या, रागावल्या तर फेकायच्या. त्या दिवशी त्यांनी पाटल्या दोन्ही हातांत धरल्या, किंचित वाकल्या आणि दोन्ही हातांनी परत दिल्या. चौदा शब्दांपैकी एकही वापरला नाही.

त्या गेल्यावर काकू म्हणाल्या, "लग्नात तीन-चारशे माणसं येतील. पोरगी हात वर करंल, हार घालंल. कुणीतरी इचारंल, हे कुणी केलं. ती म्हणंल, माज्या आजीनं. बास. येवढं कानानं ऐकायचं हाय मला. पन्नास वर्सं कुणी इचारलंच न्हाई."

लग्नाच्या आदल्या दिवशी घरी हळद होती. सकाळी हळद, दुपारी जेवणं, आणि मागच्या अंगणात पिवळे झालेले पाहुणे. काकूंचे हात कोपरापर्यंत हळदीनं आणि तेलानं माखले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ईराच्या पाटल्या गॅरेजात फडताळात हाईत. देवापुडं ठिवायच्यात आजचा दिस. माज्या हाताला तेल हाय, मी लावणार न्हाई. तू आण. हात राखेनं धू. मोजे घाल. आन् उगडू नगंस."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावू दिला. मी हात धुतले. हातमोजे घातले. डबी दोन्ही हातांनी आणली. त्यांच्या घरी देव स्वयंपाकघरात, सिंकच्या शेजारच्या कपाटात. कपाटापुढं ओट्यावर दुसऱ्या दिवशीच्या पूजेची चांदीची भांडी मांडलेली होती. ताम्हण, पळी, निरांजन. मी डबी त्यांच्यात ठेवली, आणि देवाला दिसाव्यात म्हणून झाकण उघडून ठेवलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी वर जाऊन काकूंना तसं सांगायला हवं होतं. पण ओट्याशी पाच-सहा बायका होत्या, त्यांनी विचारलं, "ते बंबवाल्यांचं काय झालं होतं हो?" आणि मला असं विचारलं की मी चालत्या विमानातूनसुद्धा उतरेन. मी खुर्ची ओढली. त्या दिवशी बंब आठ होते, आणि कप्तान सात फूट. बायका हसून ओट्याला टेकत होत्या. सिंकपाशी मीनलची आई भांडी घासत होत्या. पुण्याच्या, ऐंशीच्या घरातल्या, आल्या दिवसापासून एक क्षण न बसलेल्या, सगळ्यांचं करणाऱ्या. चांदी घासायला त्यांनी पद्धतशीर रांगोळी घेतली होती आणि हळदीचा शिंतोडा उडाला म्हणून चष्मा कपाळावर ढकलला होता. त्याही हसत होत्या. सिंकमध्ये काळं पाणी वाहताना मला दिसलं. मी म्हणालो, "आजी, देवाला ओळखू येतील ना भांडी?" सगळ्या हसल्या. त्यांनी तारेची घासणी मागितली, ती मीच उचलून दिली.

गोष्ट तासभर चालली.

काकू आंघोळ करून खाली आल्या तेव्हा पाटल्या टॉवेलवर वाळत होत्या. पांढऱ्याशुभ्र, आरशासारख्या.

"बघा, विहीणबाई!" मीनलच्या आईंनी दोन्ही पाटल्या उचलून त्यांच्यापुढं धरल्या. "किती काळ्या पडल्या होत्या हो! आणि त्यात हळदीचे शिंतोडे उडालेले. काळं पटकन गेलं, पण ते पिवळे डाग काही सुटेनात. तासभर घासले. शेवटी तार घेतली. एक डाग म्हणून ठेवला नाही!" त्यांची बोटं सुजली होती. नखांखाली काळं होतं.

मी खुर्चीतून उठलो. 

काकूंनी पाटल्या घेतल्या. उघड्या हातात. अंगठा त्यांच्यावरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. एके ठिकाणी थांबला. तिथं एका मुंगीचं पोट राहिलं होतं, तिळाएवढं, पिवळं. बाकी नुसते ओरखडे. मी आरोळीची वाट बघत होतो. खरं सांगतो, इतक्या जोरानं वाट बघत होतो की कानात दडे बसले.

"दमला असाल," काकू मीनलच्या आईंना म्हणाल्या. "बसा. च्या ठेवतो."

चहाचं आधण ठेवून त्या सिंककडे वळल्या. हुपरीत सोनारकामाची धूळसुद्धा टाकत नाहीत. गटारातला गाळ धुऊन त्यातले कण वेचणारे झारेकरी असतात, त्यांचं पोट त्यावर चालतं. काकूंच्या गॅरेजमध्येही कानशीची भुकटी ठेवायला वेगळा डबा होता. त्यांनी सिंकच्या तोंडाशी अडकलेली काळी-पिवळी रांगोळी बघितली. बोटानं थोडी उचलली, उजेडात धरली. मग नळ पूर्ण सोडला आणि सगळं धुऊन जाईपर्यंत तिथं उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये नवरीच्या खोलीत एकच गर्दी होती. ईरा शालू नेसून तयार. मीनलच्या आईंनी मोठ्या कौतुकानं डबी तिच्या हातात दिली. "तुझ्या आजीनं केल्या हो, मी फक्त उजळल्या." मी दाराशी हारांचं खोकं घेऊन उभा होतो. मी सांगू शकलो असतो. माझ्यासारख्या बडबड्याला ते काय अवघड होतं. चार वाक्यांचं काम. पण मीनलच्या आई सुजलेली बोटं पदरात लपवून नातीच्या तोंडाकडं बघत होत्या. आणि काकू त्यांच्याकडं बघत होत्या.

ईरानं पाटल्या बाहेर काढल्या. फिरवल्या. उजेडात धरल्या.

"आजी? व्हेअर आर द अँट्स?"

काकूंनी तिच्या हातातून पाटल्या घेतल्या आणि डबीत परत ठेवल्या.

"मीच काढल्या," त्या म्हणाल्या. "नीट बसल्या न्हवत्या."